नेऊन सोडणारे दाजी

"नुसतं सांगून भागत न्हाय. नेऊन सोडावं लागतंय."

हे म्हणता म्हणता दाजी पायात चपला सरकवत असत. सोलापूरच्या नवी पेठेत आमच्या ऑफिसच्या जिन्याखाली कुणीतरी परगावचा माणूस मान वर करून पाट्या वाचत उभा असायचा. त्याला चष्म्याचं दुकान हवं असायचं, नाहीतर लग्नाच्या बस्त्याचं. आपण असतो तर "सरळ जाऊन डावीकडं वळा" म्हणून मोकळे झालो असतो. दाजी अर्धा चहा टेबलावर ठेवून खाली उतरायचे, त्या माणसाला रिक्षांच्या मधून सांभाळत दुकानाच्या पायरीपर्यंत न्यायचे आणि दुकानदाराला सांगायचे, "हे आपले पाव्हणे हायत, नीट दाखवा." मग परत येऊन गार झालेला चहा पिऊन टाकायचे. चहाबद्दल त्यांनी कधी कुरकुर केली नाही. कुरकुर मी करायचे, कारण कप मला विसळावा लागायचा.

तुमच्या गल्लीतही असा एखादा माणूस असेल, जरा आठवून बघा. त्याला रिकामटेकडा म्हणायची आपल्याला सवय असते. मीही सुरुवातीला म्हणत होते.

दाजी मूळचे करमाळ्याकडचे. लग्न झालं आणि सासुरवाडीतच राहायला आले. बायको याच पेठेतली, एकुलती एक, म्हणून अख्ख्या पेठेनं त्यांना दाजी करून टाकलं. वयानं मोठे असलेले व्यापारी त्यांना दाजी म्हणत, त्यांची पोरंही दाजी म्हणत, आणि पुढं नातवंडंही तेच म्हणू लागली. मेहुण्याची थट्टा करायचा हक्क असतोच, आणि पेठेनं तो एक दिवसही सोडला नाही. दाजी डोकं खाजवत हसायचे. त्यांचं खरं नाव मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही हेही कधी लक्षात आलं नव्हतं.

पंचवीस-एक वर्षं ते चादरी आणि टॉवेलच्या एका पेढीचे फिरते विक्रेते होते. नमुन्याची बॅग घेऊन एसटीनं गावोगाव हिंडायचे. पेढी बंद पडली, बॅग माळ्यावर गेली आणि दाजी आमच्या इमारतीतल्या खालच्या कापडदुकानात येऊन बसू लागले. आमचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. आम्ही छोट्या दुकानदारांना वेबसाइट करून द्यायचो. चार कॉम्प्युटर, एक माठ, आणि माझ्यापेक्षा वयानं लहान असलेला मालक. मी मराठीत एम.ए. केलेली, आणि माझं काम काय, तर "आमच्याकडे दर्जेदार माल वाजवी दरात मिळेल" हे एकच वाक्य प्रत्येक दुकानासाठी वेगळ्या तऱ्हेनं लिहायचं. माझा स्वभाव तेव्हा जरा तिखट झाला होता, त्याचं कारण एवढंच.

मजकुराशिवाय मला आणखी एक काम होतं, लिंका मिळवायचं. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. तुम्ही मोबाइलवर काही शोधता तेव्हा कोणती वेबसाइट वर दाखवायची हे सर्च इंजिन ठरवतं. ठरवताना ते इतर गोष्टींबरोबर हेही बघतं की दुसऱ्या कोणकोणत्या वेबसाइट तुमच्याकडं बोट दाखवतात. पानावरच्या ज्या अक्षरांवर बोट टेकवलं की दुसऱ्याचं पान उघडतं, ती लिंक. चार चांगल्या ठिकाणांहून तुमच्याकडं लिंक आली की सर्चमध्ये तुमचं वजन वाढतं. म्हणून मी दिवसभर फोन करून अनोळखी लोकांना म्हणायचे की तुमच्या वेबसाइटवर आमच्या गिऱ्हाइकाची लिंक द्या. लोक फोन ठेवून द्यायचे.

एकदा एका लॉजच्या मॅनेजरनं तिसऱ्यांदा फोन ठेवला, तेव्हा दाजी आमच्या माठातलं पाणी प्यायला वर आले होते. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं. मी चिडून सगळं सांगितलं. त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"म्हंजे शिफारस की," ते म्हणाले. "ती फोनवर कोण देतंय व्हय, ताई?"

ते गेले. दोन तासांनी त्या मॅनेजरचाच फोन आला, नेमकं काय लिहायचं ते सांगा म्हणून. दाजींनी त्याला पूर्वी टॉवेल विकले होते आणि एका पावसाळ्यात वाळत नाहीत म्हणून बदलूनही दिले होते. मालकानं हे ऐकलं आणि दुसऱ्या महिन्यापासून दाजींना खुर्ची मिळाली. त्या खुर्चीवर ते फारसे कधी बसलेच नाहीत.

त्यांना टाइप करता येत नव्हतं. इंग्रजी वाचताना ते अक्षरं एकेक करून जुळवायचे. सर्च इंजिन हा कुणीतरी माणूसच आहे अशी त्यांची समजूत होती, किंवा तसं धरून चालणं त्यांना सोयीचं वाटत असावं. ते त्याला सर्चवाला म्हणायचे. सकाळी आल्या आल्या विचारायचे, "सर्चवाला काय म्हणतोय?" मी आकडे वाचून दाखवायचे आणि ते एखाद्या आजाऱ्याची खबर घ्यावी तसे ऐकायचे.

त्यांचा एक नियम होता. ज्या दुकानाकडं लिंक न्यायची, तो माल आधी स्वतः बघायचा. खायचा असेल तर खाऊन बघायचा, कापड असेल तर चिमटीत धरून बघायचं. एका मोठ्या चादरवाल्याचं काम आमच्याकडं आलं होतं. मालक खुशीत होता. दाजी दुकानात गेले, चादरीचा काठ अंगठ्यानं चोळला, घडी होती तशी घालून ठेवली, चहा घेतला आणि परत आले. चादर सोलापूरची नाही, बाहेरून आणून इथली म्हणून विकतात, आपण लिंक मागायची नाही, असं त्यांनी सांगितलं. मालक म्हणाला की ते बघणं आपलं काम नाही.

"मी नेऊन सोडला आन तितं तो फसला, तर शिवी कुनाला बसती?" दाजी म्हणाले. "सोडणाऱ्याला."

ते काम गेलं. मालक दोन दिवस माझ्याशीही बोलला नाही, जणू चादरीचा काठ मीच चोळला होता. पण त्या दिवसापासून मी मात्र दाजींना रिकामटेकडे म्हणायचं सोडलं.

आता काकूंबद्दल सांगायला हवं, कारण दाजींची गोष्ट काकूंशिवाय पुरी होत नाही. काकू शेंगाचटणी आणि कडक भाकरी करायच्या. त्यांचं दुकान नव्हतं. पेठेच्या मागच्या बोळात दोन खोल्या, त्यातल्या एका खोलीत उखळ, शेंगदाण्यांची पोती आणि भाकरीच्या चवडी. पदरात दोन मुली, नवरा नाही, आणि हाताखाली तीन बाया. दाजींनी ती चटणी खाल्ली आणि तिथंच बसून आणखी एक भाकरी मागून घेतली. मग आम्हाला येऊन म्हणाले की या बाईची वेबसाइट करायची, आणि करायची म्हणजे करायचीच.

साइट झाली. दाजी लिंकांच्या मागं लागले. वेळापूरच्या एका शाळेतल्या बाई तिथल्या जुन्या देवळाबद्दल आणि आसपासच्या गावांबद्दल इंटरनेटवर लिहायच्या. बरेच लोक ते वाचायचे. दाजी एसटीनं वेळापूरला गेले आणि त्यांना चटणी-भाकरी देऊन आले. लिंकेचं त्यांनी अवाक्षर काढलं नाही, म्हणाले आधी खाऊ दे. महिन्याभरानं बाईंनी प्रवासात टिकणाऱ्या खाण्यावर एक छान लेख लिहिला, त्यात काकूंचं नाव आणि लिंक. दाजींना इतका आनंद झाला की तो लेख त्यांनी मला तीनदा वाचायला लावला. मग त्यांना काळजी लागली, बाईंना परत काय द्यायचं.

त्यांच्या घरची रीत मी तेव्हाच ऐकली, आणि ती तुमच्याही घरी असेल. शेजारून वाटीतून काही आलं तर वाटी रिकामी परत करायची नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची, पण रिकामी द्यायची नाही. दाजी ही रीत जरा जास्तच मनावर घ्यायचे. त्यांच्या घरचा एक स्टीलचा डबा सतत त्यांच्या आणि काकूंच्या घरांमध्ये फिरत असायचा. इकडून चटणी, तिकडून दाजींच्या बायकोनं केलेली धपाटी. त्या डब्यावर दाजींच्या सासऱ्यांचं नाव कोरलेलं होतं. "माझ्या नावाचा घरात चमचाबी न्हाय," असं ते सगळ्यांना हसत सांगायचे. मीही हसायचे.

तर दाजी पुन्हा वेळापूरला गेले आणि बाईंना म्हणाले, तुमची लिंक काकूंच्या साइटवर लावतो. बाई म्हणाल्या, नको, मला चटणी आवडली म्हणून लिहिलं, परत काही नको. दाजी हिरमुसले. परत आल्यावर मला म्हणाले की बाई चांगल्या आहेत पण जरा मानी दिसतात.

बाकी कुणी मानी नव्हतं. पेठेतल्या ज्यांनी ज्यांनी काकूंची लिंक आपल्या साइटवर दिली, त्या सगळ्यांची लिंक काकूंच्या साइटवर द्यायची असं दाजींनी ठरवलं. मग त्यांच्या डोक्यात आलं की सगळ्यांनीच एकमेकांची का देऊ नये. त्यांनी प्रत्येक साइटवर एक पान करायला लावलं, त्याचं नाव "आमचे सोयरे". भांडीवाल्याच्या साइटवर चष्मेवाला, चष्मेवाल्याच्या साइटवर बांगडीवाला, बांगडीवाल्याच्या साइटवर भांडीवाला, आणि सगळ्यांच्या यादीत सगळ्यात वर काकू, कारण त्यांची चटणी सगळ्यांनी खाल्ली होती. पेठेतली चाळीसएक दुकानं एकमेकांच्या नात्यात आली. नवीन सोयरा जोडला की दाजी पेढे आणायचे.

ती सगळी पानं मी टाइप केली. आणि इथं मला माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. ठरवून केलेली एवढी अदलाबदल सर्च इंजिनला चालत नाही, हे मी वाचलेलं होतं. मी दाजींना म्हटलं, "एवढी देवघेव चालत नाही म्हणे." ते "म्हणे" मी मुद्दाम घातलं. मला पक्कं माहीत होतं, पण त्यांच्या हातात पेढ्यांचा पुडा होता, मालक खुशीत होता, आणि काकूंची साइट रोज वर चढत होती. दाजी म्हणाले की घेतलेलं परत देण्यात वाईट काय असणार. मी पेढा घेतला आणि पुढचं नाव टाइप करायला लागले.

काकूंकडं पुण्याहून, नाशिकहून, बेळगावहून मागणी येऊ लागली. तीनच्या पाच बाया झाल्या. धाकटी मुलगी पाकिटांवर पत्ते लिहायची. दिवाळीसाठी काकूंनी शेंगदाण्याची जादा पोती भरून ठेवली.

दिवाळी तीन-एक आठवड्यांवर असताना एका सकाळी काकू जिना चढून वर आल्या. त्या कधी वर येत नसत, त्यांचे गुडघे दुखायचे. हातात मुलीचा मोबाइल होता. त्या म्हणाल्या की चार दिवसांपासून एकही मागणी नाही, आणि सर्चमध्ये नाव घातलं तरी आपण दिसत नाही. मी बघितलं. पहिल्या पानावर नाहीत, दुसऱ्यावर नाहीत, दहाव्यावरही नाहीत. साइटच्या खात्यात एक सूचना येऊन पडली होती. तुमच्याकडं येणाऱ्या लिंका नैसर्गिक नाहीत, वर जागा मिळावी म्हणून ठरवून केलेल्या दिसतात, त्या काढा आणि मग अर्ज करा.

बाकी दुकानदारांचं फारसं काही बिघडलं नाही, त्यांचं गिऱ्हाईक रस्त्यानं चालत येणारं. काकूंच्या बोळात कोण चालत येणार? त्यांच्या दारापर्यंत माणूस यायचा तो सर्चमधूनच, आणि सर्चनं ते दार बंद केलं होतं.

दाजींना मी समजावून सांगितलं. सगळ्यांनी सगळ्यांना चांगलं म्हटलं की सर्चवाल्याला ते खरं वाटत नाही.

"पर ते सगळे चांगलेच हायत की," दाजी म्हणाले. "मी बगून घेतलेले हायत."

"तुम्ही बघितलेत, दाजी. त्याला काय माहीत?"

ते खुर्चीवर बसले. त्या खुर्चीवर इतका वेळ बसलेले मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. म्हणाले, बरोबर आहे त्याचं. पोरगी दाखवायची असली की पोरीचा मामा तिला चांगलीच म्हणणार, त्याचं कोण ऐकतं. मग काकूंकडं बघून म्हणाले, "तुमच्या वाटेत मीच दगूड टाकला." काकू मोबाइल पदरात गुंडाळून, कठडा धरत जिना उतरू लागल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. मला हे आधीच माहीत होतं हे मी कबूल केलं नाही, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

सगळ्या साइट आम्हीच सांभाळत होतो. ऑफिसात बसून एका दुपारी ती सगळी सोयऱ्यांची पानं पुसून टाकता आली असती. मी तसं सुचवलं. दाजींनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी चोरीच सुचवली होती.

"लोकांच्या दारातली पाटी न सांगता उतरवायची व्हय?"

मग आम्ही दोघं निघालो. पेठेत दिवाळीची गर्दी, पाय ठेवायला जागा नाही, आणि आम्ही दुकानादुकानात शिरून, गिऱ्हाइकं सरेपर्यंत कोपऱ्यात उभं राहून, मालकाला सांगणार की तुमच्या साइटवरून काकूंचं नाव काढायचं आहे. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच, काकूंशी काही वाजलं का? नाव काढणं म्हणजे भांडण, दुसरा अर्थच कुणाला सुचत नव्हता. एका बांगडीवाल्या बाईंनी तर काकूंचीच काहीतरी चूक असणार असं धरून चार गोष्टी सुनावल्या. दाजी प्रत्येक ठिकाणी हात जोडायचे आणि म्हणायचे की चूक माझी आहे, काकूंची नाही, कुणाचीच नाही. मी बाजूला उभी. मी टाइप केलं होतं हे कुणी विचारलं नाही आणि मी तिसऱ्या दुकानापर्यंत सांगितलंही नाही. चौथ्या दुकानात मात्र सांगितलं. दाजी बाहेर आल्यावर म्हणाले की ताई, तुम्ही कशाला मध्ये पडता. पण ते जरा हलके झालेले दिसले.

भांडीवाले शेठ सगळ्यात अवघड निघाले. सत्तरीचे, दाजींच्या सासऱ्यांचे मित्र. त्यांनी सरळ नाही म्हटलं. म्हणाले, एकदा सोयरा म्हणून लावलेलं नाव मी काढणार नाही, माझ्या घरी तसं करत नाहीत. दाजींनी समजावलं, मी समजावलं. शेठ तांब्याचे हंडे पुसत राहिले. शेवटी दाजी गादीच्या कडेला टेकले.

"शेटजी, नाव हितनं काढा," मोबाइलकडं हात करत ते म्हणाले. "तोंडात मातर ऱ्हाऊ द्या."

शेठनी फडकं खाली ठेवलं. मान हलवली. आम्ही बाहेर पडायच्या आत त्यांनी समोरच्या गिऱ्हाइकाला विचारलं की दिवाळीला चटणी घेतली का, मागच्या बोळात एक बाई आहेत. दाजींनी उपरण्यानं तोंड पुसलं. घाम असेल.

आठ-दहा दिवस आम्ही हिंडलो. मग मी अर्ज लिहायला बसले. काय चूक झाली, का झाली, काय काढलं, हे सगळं इंग्रजीत लिहायचं होतं. दाजी शेजारी बसून सांगत होते. "वाटी रिकामी परत करायची न्हाय म्हणून केलं, हे लिवा," ते म्हणाले. मी म्हटलं, असलं तिथं लिहीत नाहीत. ते म्हणाले, कारण विचारलंय ना, मग खरं कारण नको का सांगायला. मी ते वाक्यही घातलं. तिकडं वाचणाऱ्याला काय कळलं असेल देव जाणे.

उत्तर यायला वेळ होता आणि दिवाळी थांबणार नव्हती. दाजींनी माळ्यावरची नमुन्याची बॅग काढली, त्यात चटणीची पाकिटं भरली आणि एसटी पकडली. करमाळा, वेळापूर, जुन्या ओळखीची गावं, जुनी दुकानं. संध्याकाळी रिकामी बॅग घेऊन परत यायचे, सकाळी पुन्हा भरून निघायचे. साठी उलटलेला माणूस. बायको रागावायची, काकूही नको म्हणायच्या. तरीही काकूंची निम्मी पोती तशीच राहिली. दोन बाया काम नाही म्हणून शिलाईच्या कारखान्यात लागल्या. काकूंनी त्या दिवाळीला मुलींना कपडे घेतले नाहीत, हे मला थोरल्या मुलीकडून नंतर कळलं. दाजींना मी ते सांगितलं नाही. पेठेत राहून त्यांना कळलं नसेल असं मात्र मला वाटत नाही.

तुळशीचं लग्न होऊन गेल्यावर अर्ज मंजूर झाला. साइट हळूहळू परत दिसू लागली, आधी तिसऱ्या पानावर, मग दुसऱ्या, मग पहिल्या. आता तिच्याकडं येणाऱ्या लिंका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. त्यातली सगळ्यात भक्कम वेळापूरच्या बाईंची. मी दाजींना ते दाखवलं.

"त्या बाईंचं तेवढं ऱ्हायलं," ते म्हणाले.

"त्यांनी परत काही घेतलं नव्हतं ना, दाजी. म्हणून."

त्यांनी तो लेख पुन्हा एकदा वाचायला लावला. मग म्हणाले, "मला न्हाय जमायचं ह्ये. परत न देता घ्यायचं म्हंजे लई अवघड हाय." पुढच्या महिन्यापासून त्यांनी काम सोडलं. मालकानं खूप अडवलं, खुर्ची तुमचीच राहील म्हणाला. दाजी पुन्हा खालच्या कापडदुकानात बसू लागले. रोज एकदा पाणी प्यायला वर यायचे आणि विचारायचे, सर्चवाला काय म्हणतोय. मी फक्त काकूंचा आकडा सांगायचे. त्यांना तेवढाच हवा असायचा.

गेल्या मार्गशीर्षात दाजी झोपेतच गेले. पेठेच्या चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. त्यावर त्यांचं पूर्ण नाव होतं आणि तरुणपणीचा, मिशा असलेला फोटो. दोन दिवस लोक त्याच्याखालून जात राहिले आणि हे कोण गेले म्हणून एकमेकांना विचारत राहिले. दाजी गेल्याचं ठाऊक असूनही, फ्लेक्सवरचे तेच हे न कळून मीही एकदा तशीच पुढं गेले होते. मग भांडीवाल्या शेठनी एका कागदावर मोठ्या अक्षरात "आपले दाजी" लिहून तो फ्लेक्सवर चिकटवून घेतला, आणि त्या दुपारी निम्मी पेठ बातमी आत्ता कळल्यासारखी थांबली.

बाराव्यानंतर काकू जिना चढून वर आल्या. ही त्यांची दुसरी खेप. हातात तो स्टीलचा डबा होता, चटणीनं भरलेला. डबा शेवटी त्यांच्याकडंच राहिला होता, तो परत द्यायला त्या दाजींच्या घरी निघाल्या होत्या. वाटेत माझ्याकडं काम होतं. त्यांच्या साइटवर दाजींचं नाव घालायचं होतं. त्यांनी कागदावर लिहून आणलं होतं, "ही चटणी दाजींनी गावोगाव नेऊन सोडली." मी ते टाइप केलं. त्या खुर्ची ओढून बघत बसल्या. दाजींच्याच खुर्चीवर.

"नावावर बोट टेकवलं की कुठं जातंय?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं की कुठंच जात नाही. जायला समोर पान लागतं, आणि दाजींचं पान कुठंच नाही. मी त्यांच्यासमोर सर्चमध्ये त्यांचं खरं नाव घालून बघितलं. भलतीच माणसं आली. चाळीस दुकानांची पानं ज्यानं करवली, त्या माणसाबद्दल इंटरनेटवर एक शब्द नव्हता. काकूंच्या मांडीवरच्या डब्यावर दाजींच्या सासऱ्यांचं नाव होतं, त्यावरून त्यांचा अंगठा फिरत होता.

"मग तू लिही की," त्या म्हणाल्या. "तुला तर लिहायचाच पगार मिळतोय."

म्हणून हे लिहिलं. काकूंच्या साइटवर "दाजी" या शब्दावर बोट टेकवलं की तुम्ही इथं येता. तुमच्यातले बरेच जण तसेच आले असतील. हे लिहिताना काकूंच्या साइटची लिंक इथं द्यायला माझा हात किती वेळा पुढं झाला, सांगता येणार नाही. दिली नाही. दाजींना ही वाटी रिकामीच परत गेलेली अजिबात आवडली नसती, पण काकूंनी दाजींच्या नावाला लिंक दिली ती परत मिळावी म्हणून दिलेली नाही, आणि आमच्या दाजींना कुणीतरी असं एकदा द्यायलाच हवं होतं.

कुणाला चटणी हवी असेल, तर नवी पेठेत या आणि भांडीवाल्यांच्या दुकानात विचारा. शेठ आता थकलेत, पण उठतात, चपला घालतात आणि बोळापर्यंत नेऊन सोडतात.